ओहमच्या आठ तारा आणि तुमची चार्जिंग केबल



चार्जर तोच, फोनही तोच. आखूड केबल लावली की फोन पटकन चार्ज होतो आणि पलंगापर्यंत पोचणारी लांब, बारीक केबल लावली की रेंगाळतो. हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. असं का होतं, हे एका सूत्रात सांगता येतं. पण आज मी नुसतं सूत्र सांगणार नाही. ज्या माणसाने वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकेक करून जोडल्या, प्रत्येक वेळी किती वीज वाहते ते मोजलं आणि त्यातून हे सूत्र काढलं, त्याची गोष्ट सांगणार आहे. त्या माणसाचं नाव जॉर्ज सायमन ओहम.

शाळेत आपण ओहमचा नियम एका ओळीत पाठ करतो आणि दोन मार्क घेतो. त्या एका ओळीपायी ओहम यांनी नोकरी सोडली आणि आयुष्यातली कित्येक वर्षं ओढाताणीत काढली. ती गोष्ट कळली की सूत्र वेगळं पाठ करावं लागत नाही, असं मला वाटतं. चला तर मग.

कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगन या गावी झाला. आज हे गाव जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. वडील योहान वोल्फगांग कुलपं बनवायचे. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. घरात सात मुलं झाली, पण मोठी झाली ती तिघंच: जॉर्ज, त्याचा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. पण हा माणूस वेगळाच होता. कामातून वेळ काढून त्यांनी स्वतःच गणित आणि तत्त्वज्ञान शिकून घेतलं आणि मग मुलांना घरी शिकवलं, तेही चांगल्या वरच्या पातळीचं. गावातल्या विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी एकदा जॉर्जची परीक्षा घेतली. मुलाची तयारी बघून ते इतके खूश झाले की त्यांनी ओहम भावांची तुलना थेट बर्नोली या प्रसिद्ध गणिती घराण्याशी केली.

वडिलांकडून गणित मिळालं, तसा हातही मिळाला. धातू कापायचा, घासायचा, भाग एकमेकांत नेमके बसवायचे, ही कामं जॉर्जने घरातच पाहिली. पुढे ही कारागिरी गणिताइतकीच उपयोगी पडली. कशी ते येईलच.

कॉलेज, नाच आणि बिलियर्ड

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगन विद्यापीठात दाखल झाला. आणि तिथे काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड. अभ्यास बाजूला राहिला. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती मुलगा वाया घालवतोय, हे बघून वडील चांगलेच संतापले. तीन सत्रांनंतर जॉर्जचं विद्यापीठ सुटलं आणि १८०६ मध्ये त्याची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. तिथल्या गोटश्टाट इथे तो शाळेत गणित शिकवू लागला. वय वर्षं १७!

स्वित्झर्लंडमध्ये मात्र गडी सुधारला. शिकवणी करता करता त्याने ऑयलर, लाप्लास यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञांची पुस्तकं स्वतःच्या बळावर वाचून काढली. १८११ मध्ये एर्लांगनला परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवायला लागला. पण त्या कामात पोट भरेना. तीन सत्रांनी तेही सोडावं लागलं.

मग बाम्बर्ग गावातल्या एका साध्या शाळेत नोकरी. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. आता विचार करा: डॉक्टरेट आहे, गणित येतंय, पण धड नोकरी नाही. ओहम यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याची प्रत त्यांनी थेट प्रशियाच्या राजाला पाठवली. राजाला काम आवडलं आणि १८१७ मध्ये ओहम यांना कोलोन शहरातल्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची जागा मिळाली.

या शाळेत एक गोष्ट फार चांगली होती. तिथे भौतिकशास्त्राची साधनसामग्री असलेली प्रयोगशाळा होती. आपल्या गोष्टीचा महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो.

वीज मोजायची कशी?

त्या काळात वीज म्हणजे नवलाई होती. व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली बॅटरी जगासमोर आणली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहत असेल तर शेजारची चुंबकसूची वळते. पण व्होल्टमीटर नव्हता, अँमीटर नव्हता, व्होल्ट आणि अँपिअर ही एककंही नव्हती. कोणत्या तारेतून वीज जास्त वाहते, हा साधा प्रश्न विचारला तरी उत्तर आकड्यात द्यायची पक्की सोय नव्हती.

ओहम यांनी ओर्स्टेड यांचा शोध मापनासाठी वापरला. तारेच्या वर चुंबकसूची बारीक धातूच्या पट्टीला टांगली. वीज वाहिली की सूची वळणार. मग वरून पट्टीला पीळ देऊन सूची पुन्हा मूळ जागी आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते वाचायचं. जास्त पीळ म्हणजे जास्त करंट. कुलपं बनवणाऱ्याच्या मुलाचे हात इथे कामी आले. अशी नाजूक यंत्रं ओहम स्वतः तयार करायचे.

पहिले निष्कर्ष त्यांनी १८२५ मध्ये छापले. तार लांब केली की करंटचा परिणाम किती घटतो, याचं एक सूत्र त्यात होतं. पण ते सूत्र बरोबर नव्हतं. दोष होता बॅटरीत. त्या वेळच्या बॅटरीतून वीज घेतली की तिचा जोर पडायचा, जोडणी काढली की परत चढायचा. म्हणजे तार बदलली म्हणून आकडा बदलला की बॅटरी थकली म्हणून, हे कळायलाच मार्ग नव्हता. तुमचा काटाच दर मिनिटाला हलत असेल तर भाजीचं वजन कसं करणार?

तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांनी त्यांना सुचवलं की बॅटरी सोडा, थर्मोकपल वापरा. थर्मोकपल म्हणजे काय? दोन वेगळे धातू दोन ठिकाणी जोडायचे. एक जोड गरम ठेवायचा, दुसरा थंड. तापमानातल्या फरकामुळे मंडळात वीज वाहते. झीबेक यांचा हा शोध तेव्हा ताजाच होता. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय तोवर एका बाजूचं तापमान ठरलेलं आणि बर्फ वितळतोय तोवर दुसऱ्या बाजूचं. त्यामुळे जोर कमी-जास्त व्हायचा प्रश्नच मिटला.

आठ तारा

आता प्रयोग बघा. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार मंडळात जोडायची आणि पीळ वाचायचा.

एका मालिकेत २ इंचाच्या तारेला वाचन आलं सुमारे ३२७. लांबी वाढत गेली तसं वाचन कमी होत गेलं आणि १३० इंचाच्या तारेला ते साडेअठ्ठेचाळीसवर आलं.

इथे एक मिनिट थांबा. १३० इंच म्हणजे २ इंचाच्या ६५ पट. मग करंटही ६५ पट कमी व्हायला हवा होता ना? पण तो जेमतेम पावणेसात पट कमी झाला. असं का?

कारण मंडळात ती तार एकटी नव्हती. थर्मोकपलचे धातू, जोडणीचे भाग, या सगळ्यांचा मिळून स्वतःचा एक अडथळा होता. ओहम यांनी हिशोब मांडला तेव्हा तो अडथळा याच तारेच्या सव्वावीस इंचांइतका निघाला. आता तो दोन्हीकडे मिळवा. २ अधिक सव्वावीस म्हणजे सव्वाबावीस. १३० अधिक सव्वावीस म्हणजे सव्वादीडशे. सव्वादीडशेला सव्वाबावीसने भागा. उत्तर पावणेसात! आकडे जुळले.

म्हणजे करंट काढायचा असेल तर मंडळाचा एकूण अडथळा घ्यायचा आणि जोराला त्याने भागायचं.

पण मला सर्वात जास्त आवडतो तो याच्या पुढचा भाग. ओहम यांनी उकळतं पाणी काढून टाकलं आणि तो जोड खोलीच्या साध्या तापमानाला ठेवला. आता तापमानातला फरक लहान, म्हणून जोर कमी, म्हणून सगळी वाचनं खाली आली. पण तो सव्वावीस इंचांचा आकडा? तो जागचा हलला नाही. जोर बदलला, करंट बदलला, पण अडथळा जिथल्या तिथे.

ओहम यांच्या शोधाचा गाभा मला यात दिसतो. अडथळा हा त्या तारेचा स्वतःचा गुण आहे. तिची लांबी, जाडी, धातू आणि तापमान यावर तो ठरतो. तुम्ही किती जोर लावता यावर नाही. या अडथळ्यालाच आपण रोध किंवा रेझिस्टन्स म्हणतो.

आजच्या भाषेत सूत्र

आजच्या शब्दांत हाच नियम तीन प्रकारे लिहिता येतो:

करंट = व्होल्टेज ÷ रोध
व्होल्टेज = करंट × रोध
रोध = व्होल्टेज ÷ करंट

व्होल्टेज मोजायचं व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये. तिघांपैकी दोन माहीत असले की तिसरा मिळतो. समजा एका तारेच्या दोन टोकांना १२ व्होल्ट दिले आणि ३ अँपिअर करंट आला, तर रोध १२ ÷ ३ म्हणजे ४ ओहम. तिलाच ६ व्होल्ट दिले तर करंट येईल दीड अँपिअर. रोध परत ६ ÷ दीड, म्हणजे ४ ओहमच. तार फार तापू दिली नाही तर हा आकडा बदलत नाही.

करंट मिलिअँपिअरमध्ये दिला असेल तर आधी त्याला १००० ने भागून अँपिअर करून घ्या. नाहीतर उत्तर हजार पटीने हुकेल.

अर्ध्या पगाराची रजा

प्रयोगांचे निष्कर्ष १८२६ मध्ये छापले गेले. आता ओहम यांना हे सगळं गणितात पक्कं बसवायचं होतं. शाळेची नोकरी सांभाळून ते होईना. म्हणून त्यांनी वर्षभराची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि ते बर्लिनला गेले. धाकटा भाऊ मार्टिन तिथेच होता. तोही गणितज्ञ झाला होता.

१८२७ मध्ये बर्लिनमध्ये ओहम यांचं पुस्तक निघालं. विद्युत मंडळाची गणिती मांडणी हा त्याचा विषय. फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं. ओहम यांनी तीच वाट धरली. तापमानात फरक असला की उष्णता वाहते, तसा विद्युत जोरात फरक असला की वीज वाहते.

हे पुस्तक वाचून कुठल्या तरी विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. झालं उलटंच. तेव्हाच्या जर्मनीत भौतिकशास्त्रात इतकं गणित अनेकांना पटत नव्हतं. गणित येणाऱ्यांना विजेत रस नव्हता आणि विजेवर काम करणाऱ्यांना हे गणित झेपत नव्हतं. बर्लिनच्या पोल या भौतिकशास्त्रज्ञांनी पुस्तकावर कडक टीका केली. बाकीच्यांनी फारशी दखलच घेतली नाही.

विद्यापीठाची जागा मिळाली नाही आणि ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचाही राजीनामा दिला. त्यानंतर काही वर्षं ते बर्लिनच्या लष्करी शाळेत थोडे तास गणित शिकवत होते. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये नोकरी मिळाली तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. आज जगातल्या प्रत्येक इलेक्ट्रिकल इंजिनिअरला ज्याचा नियम आला नाही तर पास होता येत नाही, तो माणूस त्या काळात तासांवर शिकवत होता.

इथे आणखी एक नाव सांगायला हवं. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना ओहम यांच्या कितीतरी आधी, १७८१ च्या सुमारास, याच नियमाचा माग लागला होता. त्यांच्याकडे तर कसलंही मापनयंत्र नव्हतं. ते स्वतःच्या अंगावर शॉक घेऊन कोणता जोरात बसला याची तुलना करायचे! (हे कृपया कोणीही करून बघू नका.) पण त्यांनी ते छापलंच नाही. मॅक्सवेल यांनी त्यांचे कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर जगाला पत्ताच नव्हता. ओहम यांनी छापलं, टीका सोसली, किंमत मोजली. म्हणून नियम त्यांच्या नावाचा आहे.

मग पॉवर कुठून आली?

ओहम यांच्या नियमाने करंट कळतो. पण वस्तू किती तापेल, किती वीज खाईल, यासाठी शक्ती म्हणजे पॉवर लागते. ती गोष्ट मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांची. घरचा धंदा बिअर बनवण्याचा आणि छंद प्रयोगांचा. त्यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिलं की तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. म्हणजे करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट.

आजची सूत्रं अशी:

पॉवर = व्होल्टेज × करंट
पॉवर = करंट × करंट × रोध

पहिल्या सूत्रात व्होल्टेजच्या जागी ओहमचा नियम ठेवला की दुसरं सूत्र आपोआप मिळतं. उत्तर वॅटमध्ये येतं.

घरातलं उदाहरण घेऊ. १००० वॅटची इस्त्री. आपल्याकडे घरी २३० व्होल्ट वीज येते. करंट = १००० ÷ २३०, म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर. रोध = २३० ÷ ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. आता २००० वॅटचा गिझर. करंट सुमारे ८.७ अँपिअर. भिंतीवरचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. ६ × २३० म्हणजे १३८० वॅट ही त्याची मर्यादा. म्हणून इस्त्री तिथे चालते आणि गिझरला मोठं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. इलेक्ट्रिशियन उगीच वेगळा पॉइंट काढायला सांगत नाही.

आता केबलकडे या

तांब्याची १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली तर तिचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. बारीक केबलच्या आतली तार समजा ०.१ चौरस मिलिमीटर आहे. जाडी दहाव्या हिश्शाची, म्हणून रोध दहापट, ०.१७ ओहम. वीज एका तारेने फोनकडे जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलचा रोध झाला ०.३४ ओहम.

चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअर देतोय, म्हणजे १० वॅट. केबलमध्ये गेलेलं व्होल्टेज = २ × ०.३४, म्हणजे ०.६८ व्होल्ट. फोनपर्यंत पोचले ४.३२ व्होल्ट. केबलमध्ये वाया गेलेली पॉवर = २ × २ × ०.३४, म्हणजे १.३६ वॅट. ती केबल गरम करण्यात गेली.

आता हीच केबल २ मीटरची करा. रोध ०.६८ ओहम. २ अँपिअर ओढायचे म्हटलं तर १.३६ व्होल्ट वाटेतच खर्च होणार आणि फोनला ३.६४ व्होल्ट मिळणार. एवढ्यावर बॅटरी नीट चार्ज होत नाही. मग फोन काय करतो? व्होल्टेज पडतंय असं दिसलं की स्वतःच करंट कमी घेतो. करंट कमी म्हणजे चार्जिंग हळू. सापडलं उत्तर! तुमची लांब केबल म्हणजे ओहम यांची १३० इंचाची तार. इंचाचं आजचं माप धरलं तर ती सव्वातीन मीटरच्या आसपास भरते.

फास्ट चार्जिंगची युक्तीही याच हिशोबात आहे. १८ वॅट हवेत. ५ व्होल्टने द्यायचे तर ३.६ अँपिअर लागतील आणि आपल्या एक मीटरच्या केबलमध्ये ३.६ × ३.६ × ०.३४, म्हणजे सुमारे ४.४ वॅट वाया जातील. तेच ९ व्होल्टने दिले तर २ अँपिअर पुरतात आणि वाया जातात फक्त १.३६ वॅट. केबल तीच, रोध तोच, पण उष्णता एक तृतीयांशापेक्षाही कमी. म्हणून बरेच फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवतात. काही कंपन्या व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवतात, पण मग त्यांना सोबत जाड केबल द्यावी लागते. गावोगावी वीज नेणाऱ्या उंच टॉवरवरच्या तारांमध्ये लाखो व्होल्ट का असतात, त्याचंही कारण हेच.

नियम कुठे चालत नाही?

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. ओहमचा नियम धातूच्या तारेला, साध्या रेझिस्टरला आणि हीटरच्या कॉइलला छान लागतो. एलईडीला तसा लागत नाही. एलईडीत ठरावीक व्होल्टेजपर्यंत करंट जवळजवळ वाहतच नाही आणि त्यानंतर एकदम वाढतो. म्हणून तिच्यासोबत एक रेझिस्टर जोडतात. उदाहरणार्थ, ५ व्होल्टचा पुरवठा आहे, लाल एलईडीवर २ व्होल्ट राहतात आणि आपल्याला १५ मिलिअँपिअर करंट हवाय. रेझिस्टरवर उरले ३ व्होल्ट. ३ ÷ ०.०१५ म्हणजे २०० ओहम. झाला हिशोब.

तापमानाचंही लक्षात ठेवा. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची तार पेटलेली असताना तिचा रोध सुमारे ८८० ओहम असतो, पण थंड असताना त्याहून कितीतरी कमी. म्हणून थंड बल्ब मल्टीमीटरने मोजला तर हिशोबातला आकडा मिळणार नाही.

आणि एक सूचना: मल्टीमीटरवर घोड्याच्या नालेसारखी दिसणारी खूण असते. ती ग्रीक अक्षर ओमेगाची, म्हणजे रोध मोजण्याची जागा. बटण तिथे असताना मीटरच्या पिना चालू सॉकेटमध्ये कधीही घालू नका. रोध मोजायचा तो वीज बंद करून, वस्तू सुटी करून.

उशिरा आलेला मान

ओहम यांचा नियम हळूहळू इतर देशांत तपासला गेला आणि दरवेळी खरा निघाला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. पुस्तक निघून तोवर १४ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सभासद करून घेतलं. न्यूरेंबर्गमध्ये असताना त्यांनी ध्वनीवरही काम केलं. कान मिश्र सुरातले साधे सूर कसे वेगळे करतो, यावर त्यांनी १८४३ मध्ये मांडलेला नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८४९ मध्ये ते म्युनिकला आले. तिथे विद्यापीठात ते शिकवू लागले आणि १८५२ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचं पद मिळालं. तरुणपणापासून ज्याची वाट पाहिली ते पद हाती आलं तेव्हा वय होतं ६३. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्यांचं निधन झालं. प्राध्यापकपद जेमतेम दोन वर्षं लाभलं.

ओहम हे एकक त्यांनी कधीच पाहिलं नाही. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाला ओहम, विद्युत जोराला व्होल्ट आणि करंटला अँपिअर ही नावं पक्की झाली. त्यांना जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.

जाता जाता

मला या गोष्टीतून एक सवय घ्यावीशी वाटते. ओहम यांचं पहिलं सूत्र चुकलं तेव्हा त्यांनी आकडे ओढूनताणून जुळवले नाहीत. आधी हलणारी बॅटरी बदलली आणि मग तारा पुन्हा मोजल्या. तुमचा फोन हळू चार्ज होत असेल तेव्हा हेच करा. चार्जर तोच ठेवा, फोन तोच ठेवा, फक्त केबल बदला आणि बघा. चार्जर, केबल आणि सॉकेट तिन्ही एकदम बदलले तर दोष कुणाचा होता हे कधीच कळणार नाही.

आणि आज एक छोटं काम. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुटचे आकडे छापलेले असतात. व्होल्ट आणि अँपिअर शोधा, गुणाकार करा आणि किती वॅट येतात ते बघा. मग तोच करंट आपल्या ०.३४ ओहमच्या केबलमधून गेला तर किती वॅट वाया जातील, तेही काढा. उत्तर एक वॅटच्या वर आलं तर पुढची केबल घेताना लांबीच्या आधी जाडी विचारा.